राख मातीला, स्मृती दानाला

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सव हा आनंदाचा सोहळा. अशा मंगल प्रसंगी स्मशानाशी जोडलेला विषय कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु जी संस्था पन्नास वर्षे चालते, ती समाजाच्या दोन पिढ्यांना निरोप देत चालते. पाया घालणारे हात आज बहुतेक नाहीत. त्यांचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न म्हणूनच अशा सोहळ्याच्या अगदी केंद्रस्थानी आहे. आणि या प्रश्नाची पहिली पायरी फार साधी, फार कठीण आहे: चिता शांत झाल्यावर उरलेल्या राखेचे काय करावे?

कृष्णाकाठच्या एखाद्या गावातील एक प्रसंग कल्पावा. घरचे कर्ते पुरुष, सर्वांचे आण्णा, निवर्तले आहेत. तिसरा दिवस आहे. रक्षाविसर्जनासाठी मंडळी स्मशानभूमीत जमली आहेत. थोरला मुलगा शिकलेला, स्वाध्यायाला बसणारा. रक्षा नदीत न सोडता शेतात न्यावी, असे तो सुचवतो. आत्या एकदम कळवळून म्हणते, "आजवर आपल्या घरातल्या सगळ्यांची रक्षा कृष्णेतच सोडली. आण्णांनी काय पाप केलं, म्हणून त्यांना रानात टाकता?" मुलगा उत्तर देतो, "आत्या, त्यात आता आण्णा नाहीत. शास्त्रच तसं सांगतं."

मुलाचे उत्तर अचूक आहे. तरीही आत्या पदर डोळ्यांना लावते आणि सारे गप्प होतात. असे प्रसंग अनेक घरांत घडतात, आणि पुष्कळदा त्यातून वर्षानुवर्षांचा अबोला जन्माला येतो. म्हणून या प्रश्नाचा विचार शांत वेळी, कोणाच्याही घरी दुःख नसताना, व्हायला हवा.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जीवाच्या विग्रहगतीचे वर्णन आहे. औदारिक शरीर सुटल्यावर संसारी जीव तैजस आणि कार्मण शरीरांसह पुढच्या जन्मस्थानाकडे जातो. वाटेत वळणे असली तरी चौथ्या समयापर्यंत तो तेथे पोचतो. समय हे काळाचे सर्वांत सूक्ष्म माप. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात असंख्य समय होऊन जातात. म्हणजे मृत्यूची वार्ता शेजारच्या घरी पोचण्यापूर्वीच जीवाने नवा जन्म घेतलेला असतो. तिसऱ्या दिवशी सावडलेल्या अस्थींत, दहाव्याच्या घाटावर किंवा बाराव्याच्या पानावर तो कुठेही ताटकळत बसलेला नसतो. त्याची गती त्याच्या परिणामांनी आणि कर्मांनी ठरते. नदीच्या पाण्याने ती सुधारत नाही आणि शेताच्या मातीने बिघडत नाही.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात लोकमूढतेचे वर्णन करताना नदीत अथवा समुद्रात स्नान करणे, वाळूचे वा दगडांचे ढीग रचणे, कड्यावरून उडी घेणे आणि अग्नीत प्रवेश करणे यांना धर्म समजण्याचा निषेध केला आहे. पाण्याला पुण्य चिकटलेले असते, ही समजूतच त्यांनी नाकारली. राख पाण्यात सोडल्याने मृताचे कल्याण होते, ही समजूतही त्याच जातीची आहे. हा लोकाचार आहे. शेजारधर्माने तो आपल्या समाजात आला आणि स्थिरावला.

मग जैन परंपरेत राखेला काहीच स्थान नाही काय? आहे, आणि ते फार सुंदर आहे. आदिपुराणात भगवान वृषभदेवांच्या निर्वाणाचे वर्णन येते. अंत्यसंस्कारानंतर देवांनी ती भस्म हाती घेतली आणि कपाळाला, दोन्ही बाहूंना, कंठाला व हृदयाला लावली. लावताना त्यांच्या मनात भावना होती ती अशी की, आम्हीही असेच व्हावे. तीर्थंकरांची गोष्ट सामान्य माणसाला जशीच्या तशी लावता येत नाही, हे खरे. परंतु त्यातील दृष्टी घेता येते. देवांनी त्या भस्मेकडे काही मागितले नाही, तिच्यासाठी काही केलेही नाही. तिला निमित्त करून त्यांनी स्वतः एक संकल्प केला.

बिहारमधील नालंदा जिल्ह्यातल्या पावापुरीची कथाही अशीच आहे. भगवान महावीरांच्या अग्निसंस्काराच्या जागेवरून लोकांनी इतकी भस्म नेली, आणि ती संपल्यावर चिमूट चिमूट माती नेली, की तेथे तळे झाले, असे परंपरा सांगते. त्या कमळांच्या तळ्यात आज जलमंदिर उभे आहे आणि आत चरणपादुका आहेत. नेलेली भस्म कोठे गेली, हे कोणी विचारत नाही. उरले ते चरण, म्हणजे चालून दाखवलेला मार्ग.

आता नदीकडे वळू. जैन आगमांनी पाण्याला केवळ जीवांचे घर मानलेले नाही. पाणी हेच जलकायिक जीवांचे शरीर आहे. त्याशिवाय त्यात मासे, किडे आणि असंख्य त्रस जीव राहतात. पिण्याचे पाणी गाळून घेणारा आणि गाळल्यानंतरची जिवाणी जपून पुन्हा पाण्यात सोडणारा समाज तिसऱ्या दिवशी त्याच पाण्यात क्षारयुक्त राख ओततो, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे. विद्युत किंवा गॅसदाहिनीतून दोन-तीन किलो अस्थिचूर्ण निघते. लाकडाच्या वा शेणीच्या चितेला मात्र काही क्विंटल इंधन लागते, आणि त्याची राख पोत्यांनी भरते. तिच्यासोबत मृताचे कपडे, अंथरूण, हारफुले, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कधी उरलेली औषधेही पाण्यात जातात. उन्हाळ्यात नदीची धार तुटते, बंधाऱ्यामागे पाणी साचून राहते, आणि त्याच पाण्यावर खालच्या गावाची नळयोजना चालते. पंचगंगेच्या प्रदूषणाविषयी गेली अनेक वर्षे आंदोलने झाली आहेत. त्या प्रदूषणात कारखान्यांचा आणि शहरी सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. पण दुसऱ्याचे पाप मोठे आहे म्हणून आपले लहान पाप पुण्य ठरत नाही.

मुनिधर्मात पाच समिती सांगितल्या आहेत. त्यातील पाचवी उत्सर्ग अथवा प्रतिष्ठापना समिती. टाकायची वस्तू कोठे आणि कशी टाकावी, याचा तो विवेक आहे: जागा निर्जंतुक असावी, आधी नीट पाहून घ्यावी, आणि वस्तू जपून ठेवावी. भगवती आराधनेत तर समाधिस्थ मुनींच्या देहविसर्जनासाठी निषीधिकेची जागा कशी असावी याचे वर्णन आहे: एकांतातली, उजेडाची, वस्तीपासून फार दूर नाही व फार जवळही नाही, विस्तीर्ण आणि प्रासुक. मुनींचा आचार श्रावकाला जसाच्या तसा बंधनकारक नाही. परंतु शेवटच्या मूठभर राखेलाही हा विवेक लावता येतो. राखेचे स्मारक करण्याचे जे जे पर्याय आज समोर येतात, ते याच कसोटीवर घासून पाहावेत.

पहिला पर्याय मातीचा. कोल्हापूर-सांगली भागात अनेक कुटुंबे रक्षा स्वतःच्या शेतात मिसळून तेथे झाड लावतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २०१३ साली हत्या झाल्यानंतर त्यांची रक्षा कोणताही विधी न करता शेतातच विखुरण्यात आली. पंडित जवाहरलाल नेहरूंनी १९५४ साली लिहिलेल्या मृत्युपत्रात मूठभर रक्षा गंगेत सोडावी, तीही धार्मिक श्रद्धेने नव्हे तर बालपणापासूनच्या ओढीने, आणि बाकीची बहुतेक विमानातून देशातल्या शेतांवर विखरावी अशी इच्छा व्यक्त केली होती. १९६४ साली त्याप्रमाणे करण्यात आले. जपानमध्ये इवाते प्रांतातील एका बौद्ध मंदिराने १९९९ साली अस्थी झाडाच्या मुळाशी पुरण्याची पद्धत सुरू केली. तेथे दगडी थडग्याऐवजी रोप हीच खूण असते. निरनिराळ्या श्रद्धांची, आणि श्रद्धा न मानणारीही, माणसे अखेर मातीपाशीच आली आहेत.

मात्र यातही जाणून घेण्यासारख्या गोष्टी आहेत. अस्थींची राख मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटची असते, आणि लाकडाच्या राखेत चुना व पालाश असतो. दोन्ही राखा अल्कधर्मी. सारी राख एका खड्ड्यात ओतून वर रोप लावले, तर ते रोप बहुधा जळते, आणि घरच्यांना दुसऱ्यांदा मृत्यू पाहिल्यासारखे वाटते. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत क्षारपड जमिनी आधीच पुष्कळ आहेत. तेथे राखेचा थर देणे जमिनीला सोसणार नाही. म्हणून राख पूर्ण निवल्यावर ओंजळ-दोन ओंजळीच घ्याव्यात, भरपूर माती आणि कुजलेले शेणखत मिसळावे आणि ते मिश्रण रोपाच्या खड्ड्यात घालावे. उरलेली राख निचऱ्याच्या कोरड्या जमिनीवर पातळ पसरावी. खड्डा खणण्यात आरंभी हिंसा आहेच. ती कमी व्हावी म्हणून तो भर उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, खणून ठेवावा आणि पहिल्या पावसानंतर रोप लावावे. शेतकरी एरवीही असेच करतात. कडुनिंब, करंज, आंबा, जांभूळ अशी स्थानिक झाडे निवडावीत. भगवान वृषभदेवांना वटवृक्षाखाली आणि भगवान महावीरांना शालवृक्षाखाली केवलज्ञान झाले. झाडाची सावली या धर्माला परकी नाही. शुद्धाशुद्धीचा विवेक म्हणून अशी राख मंदिराच्या आवारात मात्र आणू नये. स्मशानभूमीच्या कडेची किंवा स्वतःच्या मालकीची जागाच योग्य.

दुसरा पर्याय राख जवळ ठेवण्याचा. अमेरिकेत आणि स्वित्झर्लंडमध्ये राखेतील अल्प कार्बन वेगळा काढून कृत्रिम हिरा बनवून देणाऱ्या कंपन्या या शतकाच्या आरंभापासून निघाल्या. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांपुढे असे पर्याय येतात. त्यामागील प्रेम खोटे नाही. पण श्रावकाने एक प्रश्न विचारावा. जो देह त्याच्या स्वामीने सोडला, त्याचा अलंकार करून बोटात घातल्याने ममत्व कमी होते की वाढते? हिरा हरवला तर पुन्हा सुतक पाळायचे काय? नुसता कलश जपून ठेवण्याचीही अडचण आहे. महात्मा गांधींची रक्षा १९४८ साली देशभर वाटली गेली, आणि त्यातील एक कलश कटक येथील बँकेच्या तिजोरीत अनेक दशके पडून राहिला. अखेर ३० जानेवारी १९९७ रोजी प्रयाग येथे त्याचे विसर्जन झाले. राष्ट्रपित्याच्या बाबतीत हे घडू शकते, तर कपाटातल्या कलशाचे नातवंडांनी काय करावे?

तिसरा पर्याय जैन परंपरेचा स्वतःचा आहे. त्यात राखेची गरजच नाही. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर निषिधींचे अनेक शिलालेख आहेत. राष्ट्रकूट घराण्यातील चौथ्या इंद्राने ९८२ साली तेथे सल्लेखना घेतली. त्याची नोंद शिलालेखात आहे. होयसळ सेनापती गंगराजाने बाराव्या शतकात आई पोचिकब्बे आणि पत्नी लक्ष्मी यांच्या स्मरणार्थ तेथे लेख कोरविले. या शिळा माणूस कसा जगला आणि किती शांतपणे गेला ते सांगतात. अबूच्या देलवाडा येथील लूणवसही मंदिर मंत्री तेजपालाने १२३० च्या सुमारास उभारले, आणि त्या नावात त्याचा दिवंगत भाऊ लूणिग आजही जिवंत आहे. साहू शांतिप्रसाद जैन यांनी १९४४ साली भारतीय ज्ञानपीठाची स्थापना केली, आणि आईच्या स्मरणार्थ मूर्तिदेवी ग्रंथमाला सुरू केली. त्या ग्रंथमालेतून प्राकृत, संस्कृत, अपभ्रंश ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्या निघाल्या. आज आदिपुराण वाचणाऱ्या अनेकांच्या हाती त्याच मालेची प्रत असते. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे छत्तीस दिवसांची सल्लेखना घेऊन देह ठेवला. धवलादी सिद्धांतग्रंथ त्यांच्या प्रेरणेने ताम्रपटांवर कोरले गेले. महाराजांचे स्मरण समाज त्या ग्रंथांतून आणि त्यांच्या आचरणातून करतो.

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान या चार दानांपैकी कोणतेही एक गेलेल्या माणसाच्या नावाने करता येते. एका विद्यार्थ्याचे वर्षभराचे शुल्क, एका रुग्णाचा औषधखर्च, पाठशाळेला ग्रंथांचा एक संच, पांजरपोळातील एका जनावराचा चारा: यांतील काहीही ऐपतीनुसार जमते. यासाठी श्रीमंत असण्याची गरज नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान केले, तर दोन व्यक्तींना दृष्टी मिळू शकते, आणि राख होण्यापूर्वीच देहाचे एक चांगले स्मारक उभे राहते. मात्र दानाचे पुण्य थेट मृताच्या खात्यावर जमा होते, असेही समजू नये. ते देणाऱ्याचे परिणाम निर्मळ करते. गेलेला माणूस त्या निर्मळतेचे निमित्त ठरतो, आणि निमित्त होणे हा काही लहान मान नव्हे.

येथे २०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांची आठवण अपरिहार्य आहे. करोनाच्या त्या दुसऱ्या लाटेत कित्येक कुटुंबांना शेवटचे दर्शनही मिळाले नाही. अंत्यसंस्कार परक्या माणसांनी केले. काहींच्या हाती राखही आली नाही, आणि जी आली ती आपल्याच माणसाची आहे की नाही, याची खात्री देता आली नाही. आजही काही घरांत ही बोच आहे. आई-वडिलांसाठी काहीतरी करायचे राहून गेले, ही ती बोच. या घरांसाठी शास्त्राचे वचन हे कोरडे तत्त्वज्ञान नाही. ते औषध आहे. जीव केव्हाच पुढे गेला होता. राख न मिळाल्याने त्याचे काही अडले नाही, आणि मुलांचे कर्तव्यही अपुरे राहिले नाही. जे करायचे ते आजही करता येते, कारण दानाला आणि सदाचरणाला तिसऱ्या दिवसाचे बंधन नाही.

या सर्व विचारातून ट्रस्टच्या विश्वस्तांपुढे आणि समाजापुढे तीन सूचना नम्रपणे मांडाव्याशा वाटतात. प्रत्येक श्रावक-श्राविकेने आपल्या राखेविषयीची इच्छा हयातीतच घरच्यांना स्पष्ट सांगावी अथवा लिहून ठेवावी, म्हणजे मुलांवर निर्णयाचे ओझे आणि भांडणाचा प्रसंग येणार नाही. गावोगावच्या स्मशानभूमीलगत ग्रामपंचायतीच्या अनुमतीने थोडी जागा राखून तेथे माती, शेणखत आणि रोपे यांची सोय करावी, कारण भूमिहीन आणि शहरातील सदनिकांत राहणाऱ्या कुटुंबांना स्वतःचे शेत नसते. आणि ट्रस्टने एक स्मृतिवही ठेवावी, ज्यात गेलेल्या प्रत्येक व्यक्तीसाठी एक पान असेल. त्यात तिने कोणते व्रत पाळले, कोणाला आधार दिला, तिच्या नावे कोणते दान झाले, एवढेच लिहावे. दगड कोरण्याची ऐपत नसलेल्या घरांसाठी ते पानच निषिधी होईल.

शेवटी पुन्हा त्या कृष्णाकाठच्या स्मशानभूमीत जाऊ. मुलगा शास्त्र सांगून गप्प झाला आहे, आत्या रडते आहे. अशा वेळी आण्णांची पत्नी, आजवर एक शब्द न बोललेली, नणंदेचा हात धरून म्हणते, "वन्सं, ह्यांचा सगळा जन्म त्या रानात गेला. परक्या जागी नाही नेत आपण त्यांना." काटेकोर स्वाध्यायी येथे म्हणेल की या वाक्यात सिद्धांताची चूक आहे, कारण "त्यांना" म्हणावे असे त्या मडक्यात काही उरलेले नाही. पण मुलाच्या अचूक वाक्याने जे झाले नाही, ते या वाक्याने होते. आत्या डोळे पुसते आणि मडक्याला हात लावते. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत वात्सल्य हेही एक अंग आहे. सत्य सांगताना ते सुटले, तर सांगणाऱ्याचेच दर्शन मलिन होते. नदीतल्या जीवावर दया करणाऱ्याने घरातल्या दुःखी माणसावरही दया करावी, मग आजचा आग्रह उद्याची समजूत होईल.

राख मातीला द्यावी, नदी जीवांना सोडावी, आणि स्मृती दानाला जोडावी. हेच गेलेल्यांचे तर्पण आणि मागे उरलेल्यांची आराधना.

जैनं जयतु शासनम्. जय जिनेंद्र.